माळावरचे वीस गुंठे

नाशिकहून निघताना मी पिशवीत दोन पातळ काचेचे ग्लास घातले, जुन्या टॉवेलात नीट गुंडाळून. अरविंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते पाहिलं आणि नेहमीसारखी मान हलवली. तो ताकाच्या पलीकडे काही पीत नाही. त्याला सातारा-सांगलीकडे जायचं होतं ते औंधची यमाई आणि तिथली चित्रं बघायला. मला तिथली वाईन शोधायची होती. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती अशा वाटण्या करतच टिकली आहेत.

शाळेत मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. आमच्या भागात द्राक्षाची वाईन व्हायला लागली तेव्हा ती बनते कशी या कुतूहलाने आत शिरले आणि चव घ्यायला शिकूनच बाहेर आले. वाईनमधलं मला कळतं, हे मी उगाच लाजत सांगत नाही. कळतं म्हणजे कळतं. म्हणून कुठल्याही नव्या गावात पोचले की पहिल्याच संध्याकाळी तिथली चांगली बाटली शोधायची, असा माझा नेम आहे. आजवर फार थोड्या गावांनी मला हात हलवत परत पाठवलंय.

साताऱ्यात शिरलो ते मार्चच्या अखेरीस, ऐन दुपारी. अजिंक्यतारा उन्हात पार वाळून बसला होता. अरविंदने आधी कंदी पेढे घेतले, मग मी वाईन शॉप गाठलं. दुकान कसलं, लोखंडी जाळी आणि जाळीला हात घालायला एक चौकोन. पुढे सात-आठ पुरुष उभे होते. मी रांगेत लागले तशी रांग एकदम गप्प झाली.

"कुणासाठी पायजे मॅडम?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी."

त्याने काचेच्या कपाटातून एक बाटली काढली. "ही लय गोड हाय. लेडीज हीच नेतात."

मी बाटलीवर तळवा ठेवला. ती चहाच्या कपाएवढी गरम होती. नव्या गावात वाईन घेणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच आहे की लेबल वाचायच्या आधी बाटलीला हात लावा. उन्हात उभी राहिलेली बाटली कितीही नावाजलेली असली तरी मेलेली असते. "आतली द्या, ऊन न लागलेली," मी म्हटलं.

"आत सगळी बियर हाय," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

माझ्यामागे पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. पाठ अशी ताठ की फौजेतले, हे न सांगता कळावं. त्यांनी घसा साफ केला. "आवं ताई, वाईन म्हंजे सर्दीवरचं औषध. त्यापेक्षा कँटीनची रम बरी. आमी बर्फात त्येच्यावरच दिवस काढलं." मग माझा चेहरा बघून त्यांना दया आली. "पण शोधायचीच असंल तर तिकडं पूर्वेला जावा, तासगाव-पलूसकडं. आमच्यात ऊस आणि फौज. द्राक्ष समदं तिकडं."

त्या संध्याकाळी मी पेढ्यावर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी औंध. यमाईचा डोंगर पायऱ्यांनी चढलो. वरून खालचं छोटंसं गाव आणि चारी बाजूंचे उघडे डोंगर दिसतात. संग्रहालयात अरविंद एकेका चित्रापुढे इतका वेळ उभा राहिला की रखवालदाराने त्याला स्वतःची खुर्ची आणून दिली. तिथून निघताना आम्ही वाट चुकलो आणि वडूजच्या दिशेने बरंच पुढे गेलो. चूक माझी होती, नकाशा माझ्या हातात होता. वडूजच्या अलीकडे एका टपरीवर गाडी थांबवून रस्ता विचारला, तिथेच ज्वारीची भाकरी आणि खर्डा (मिरचीचा ठेचा) खाल्ला. खर्ड्याने माझी जीभ तासभर बधिर झाली. शोधमोहिमेवर निघालेल्या बाईने असं काही खाऊ नये, हा दुसरा सल्ला.

विट्याच्या पुढे मुलूख बदलत गेला. तासगावच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीची लांबलचक शेड दिसू लागली. आत माणसाच्या उंचीच्या वरपर्यंत थरावर थर, आणि प्रत्येक थरावर द्राक्षं वाळत घातलेली. हा इथला बेदाणा. काच खाली केली की गाडीत गोड, थोडासा आंबूस वास भरायचा. मी नाशिकची असूनही गप्प बसून वास घेत राहिले.

सांगलीत कृष्णेकाठी फिरून झाल्यावर जेवायला एका बऱ्यापैकी हॉटेलात बसलो. वेटर चाळिशीचा होता. नाव संतोष. दिवसा कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा आणि संध्याकाळी इथे वाढायचा. मी रेड वाईन मागवली. त्याने ती आणली ती बर्फाचे दोन खडे घालूनच.

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. बाटली गरम हुती, म्हणून मीच घातला."

मी रागावणार होते, पण घोट घेतला आणि रागावले नाही. दिवसभर चाळीस अंशांत भाजून निघालो होतो, वाईन यथातथाच होती, आणि बर्फामुळे निदान गिळता येत होती. त्याला म्हटलं, "यापेक्षा चांगली कुठे मिळेल?"

संतोषने इकडेतिकडे बघितलं. "तुमाला त्यातलं कळतंय?"

"कळतं."

"मग आमच्या गावाला या उद्या. पलूसकडं हाय. आमचं मगदूम अण्णा हायत, वाईनच्या द्राक्षाची बाग हाय त्यांची. वाईनरीवाल्यानं त्यांच्याच द्राक्षाच्या वाईनच्या चार बाटल्या नमुना म्हणून दिल्यात, खालच्या बागंच्या दोन आणि माळावरच्या दोन. अण्णा जैन. थेंबाला शिवत न्हाईत. मग गावातल्या आमा पिणाऱ्यांना चाखायला लावली. आमाला काय कळतंय? मी म्हटलं, अण्णा, दोनी फिक्क्याच हायत, चढत न्हाईत. लय नाराज झाले." त्याने आवाज खाली आणला. "उद्या दुपारी माळावरची बाग तोडायला माणसं सांगितल्यात त्यांनी. काकू दोन दिस जेवल्या न्हाईत."

अरविंदने ताकाचा ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझं ठरलंय हे त्याला कळलं होतं.

सकाळी नऊला आम्ही पलूसजवळच्या त्या गावात होतो. भूपाल मगदूम, वय पासष्टच्या पुढे, पांढरी टोपी, पायात वहाणा, आम्हाला रस्त्यापर्यंत घ्यायला आले. संतोषने फोन केला होता. त्यांच्या पत्नी पद्माक्का अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

"आदी बाग बघा, मग बोलू," अण्णा म्हणाले.

खालची बाग काळ्या जमिनीत होती, नदीच्या बाजूला. दीड एकर. तोडणी होऊन गेली होती तरी वेली अशा तरारलेल्या की वाटेवर सावली पडावी. अण्णांनी मोबाईल काढून तोडणीआधीचे फोटो दाखवले. वाईनचं शिराज द्राक्ष, ज्याचा मणी करवंदाएवढा असतो, तो यांच्याकडे जांभळाएवढा झाला होता. त्यासाठी त्यांनी घडांची विरळणी केली होती, मणी फुगवायच्या औषधात प्रत्येक घड बुडवला होता (याला इकडे 'डिपिंग' म्हणतात), आणि पाणी भरपूर दिलं होतं. खायच्या द्राक्षाला चाळीस वर्षं जे केलं, ते सगळं.

"लांबनं लोक बघायला आली हुती," ते म्हणाले. "असला मणी पंचक्रोशीत न्हाई."

मग ते आम्हाला वर घेऊन गेले. वर माळ होता, मुरमाड. तिथे वीस गुंठ्यांत त्याच जातीच्या वेली होत्या, पण खुरटलेल्या. ठिबकचं पाणी चढावर पुरेसं पोचायचं नाही. सात वर्षांपूर्वी अण्णा इथे लावायलाच तयार नव्हते. पद्माक्कांनी हट्टाने लावलं, छाटणी स्वतः केली, औषधाला अण्णांनी पैसे दिले नाहीत म्हणून डिपिंग कधी झालंच नाही.

"वाईनरीचा साहेब म्हणतोय, वरचीच द्राक्षं चांगली, खालची नकोत," अण्णांचा आवाज चढला. "वरनं निघतंय किती? चार पाट्या! म्हंजे त्येला माझा मोठा माल नाकारायचा हाय, दुसरं काय? मोठा मणी खराब आणि बारका चांगला, हे कुठल्या शाळेत शिकवत्यात? म्हणून आज हे माळावरचं काढतोय. पाणी हितनं वाचंल ते खाली दीन."

पद्माक्का एका वेलीपाशी खाली बसल्या आणि बुंध्याची सुटलेली साल बोटांनी काढत राहिल्या. बांधावर चार माणसं आधीच येऊन बसली होती. त्यांच्याजवळ कुदळी आणि करवती होत्या. दुपारी जेवण झालं की काम सुरू, असं ठरलं होतं.

मला सगळं लख्ख दिसत होतं. पोसलेल्या, पाणी प्यालेल्या मण्यात साल कमी आणि पाणी जास्त. वाईनचा रंग, चव, सगळं सालीत असतं. हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवावं इतकं सोपं आहे. पण अण्णांसमोर फळा उपयोगाचा नव्हता. वाईनरीच्या साहेबाचा तो केव्हाच वापरून झाला होता.

"मी चाखते," मी म्हटलं. "कुठली कुठल्या बागेची ते मला सांगू नका."

उरलेल्या दोन बाटल्या घरात नव्हत्या. पद्माक्कांनी त्या उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नव्हत्या. विहिरीजवळच्या हौदात, पोत्यात घालून सोडल्या होत्या, आणि मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यात वाईन ठेवायला त्याहून चांगली जागा कुणाला सुचली नसती. तिथून त्या बांधावर आणल्या. लेबलाच्या जागी एकीला लाल दोरा, दुसरीला पांढरा. घरातलं भांडं मिळणार नव्हतं. माझे ग्लास टॉवेलातून बाहेर आले.

अण्णा म्हणाले, "रंग बघून कोण बी सांगंल. डोळं बांधा."

तेव्हा माझे डोळे त्याच टॉवेलाने बांधले गेले. साठी ओलांडलेली निवृत्त मुख्याध्यापिका, मुरमाड बांधावर, चार कामगारांसमोर, डोळ्यांवर टॉवेल. माझ्या विद्यार्थ्यांनी हे पाहिलं नाही हे बरं झालं. ओतायचं काम अरविंदकडे आलं, कारण अण्णा बाटलीला हात लावणार नव्हते. कुठली आधी ते अण्णा बोटाने दाखवणार. "पावणं, तुमी एक शब्द बोलायचा न्हाई," त्यांनी अरविंदला बजावलं.

पहिला ग्लास. नाकाशी नेला, जवळजवळ काहीच नाही. घोट घेतला. गोडसर, पातळ, घशाखाली जाताच संपणारी. सरबतात पाणी जास्त झाल्यासारखी.

दुसरा ग्लास मी नाकाशी धरला आणि पिण्याआधीच मला कळलं. "ही," मी म्हटलं. "ही खरी वाईन आहे. पहिली नाही."

अण्णांचा आवाज आला. "परत."

ग्लास धुतल्याचा आवाज आला. या वेळी चांगली आधी आली. मी सांगितलं. बांधावर कुणीतरी "बराबर हाय" असं पुटपुटलं, त्याला अण्णांनी गप्प केलं.

"परत. शेवटचं."

अण्णा आणि अरविंद बाजूला गेले असावेत, कारण पावलं लांब गेली. मला गंमत वाटत होती. अशा परीक्षा मी झोपेतही देईन, अशा थाटात मी ग्लास घेतला. पहिला पातळ. दुसरा घेतला आणि तोही पातळ. परत पहिला, परत दुसरा. फरक सापडेना. सकाळची जीभ दमली का? की कालचा तो खर्डा? मी धरूनच चालले होते की एक चांगली आणि एक वाईट असणार, आणि दोहोंपैकी एकावर बोट ठेवलं तरी निम्मी शक्यता माझ्या बाजूने होती. चुकले तर मी गाडीत बसून नाशिकला जाणार होते. वीस गुंठे मात्र दुपारी जाणार होते.

मी तिसऱ्यांदा दोन्ही चाखल्या. मग म्हटलं, "अण्णा, दोन्ही एकच आहेत. दोन्ही त्या पहिल्या, पातळ बाटलीतल्या. चांगली तुम्ही यात घातलीच नाही."

मी स्वतःच टॉवेल सोडला. अरविंद हसू दाबत होता. अण्णा हसत नव्हते. त्यांनी टोपी काढली होती आणि ते लाल दोऱ्याच्या बाटलीकडे बघत होते.

"ती खालची," ते म्हणाले. "माझी."

मला वाटलं होतं, जिंकल्याचा आनंद होईल. झाला नाही. चाळीस वर्षं ज्या मण्याच्या मोठेपणावर या माणसाने मान मिळवला, तो मणी मी तीन वेळा डोळे मिटून नापास केला होता. मी त्यांना म्हटलं की खायचं द्राक्ष तुमच्यासारखं कुणी पिकवत नसेल, पण वाईनच्या वेलीला लाड चालत नाहीत. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. ते उठून बांधाकडे गेले.

"हजेरी देतो सगळ्यांस्नी," त्यांनी कामगारांना सांगितलं. "आज काम न्हाई. घरला जावा."

पद्माक्का माझ्याजवळ आल्या. पहिल्यांदाच बोलल्या. "ताई, माझी ती, ती कशी लागती? आमी काय कवा पिणार न्हाई. पण सांगा की."

इतकी वर्षं मी वाईनवर बोलतेय. पुस्तकातले शब्द मला पाठ आहेत. त्यातला एकही तिथे कामाचा नव्हता. मी म्हटलं, "जांभळाची बी चुकून चावली की जीभ आक्रसते, तशी थोडी तुरट. मागून मिरी. आणि उसाचं पाचट जळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात जो वास राहतो, तो."

त्या विचार करत राहिल्या. मग पदराने हात पुसून त्यांनी विचारलं, "वास घेतला तर चालंल नव्हं?"

मी पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतली थोडी ओतली आणि ग्लास त्यांच्या नाकाशी धरला, त्यांच्या हाताला लागू न देता. त्यांनी डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो तर आपला माळ."

अण्णा चार पावलांवर उभे होते. पद्माक्कांनी त्यांना हाक मारली. "आवं, हिकडं या. वास तर घ्या." ते जागचे हलले नाहीत. पण गेलेही नाहीत. मग आले, वाकले, आणि लगेच सरळ झाले. डोळे लाल झाले होते. "ऊन लागतंय, जेवाय चला," एवढंच म्हणाले.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं आणि घट्ट दही. पद्माक्का पंगतीला आमच्याबरोबर बसल्या आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना मी बाटली मागितली नाही. नमुन्याची ती, विकायची नव्हती, आणि वाईनरीत त्या माळाची वेगळी वाईन बाजारात काढायचा अजून नुसता विचार चालला होता. आम्ही पलूसहून कऱ्हाड, तिथून सातारा, पुणे करत परत आलो. माझ्या नेमाप्रमाणे मोजलं तर दोन्ही शहरांत मी हरले. चांगली बाटली ना साताऱ्यात मिळाली, ना सांगलीत.

तरी मैत्रिणी विचारतात, तिकडे चांगली वाईन कुठे मिळते? मी त्यांना सांगते की सावलीतली बाटली मागा, गरम असेल तर बिनधास्त बर्फ घाला, आणि जेवताना वेटरशी बोला. त्यापलीकडचं सांगायला लागले की त्या कंटाळतात. एखाद्या बाईने सात वर्षं जे केलं ते चांगलं होतं की नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायला नाशिकहून एक उपटसुंभ बाई यावी लागली, याचा मला अजूनही राग येतो, आणि ती बाई मी होते याचा आनंदही होतो.

ऑक्टोबरात पद्माक्कांचा फोन आला. फळछाटणी चालली होती. खालच्या बागेचं पाणी अण्णांनी निम्म्यावर आणलं होतं, डिपिंगचं औषध परत केलं होतं. तोंड लय पाडलंय, पण केलंय, असं त्या म्हणाल्या.

"आणि माळावरचं?" मी विचारलं. "तिथली छाटणी झाली?"

"चाललीय की. ह्येंनीच कात्री घेतलीय आज." त्या हळू बोलू लागल्या, जवळच असावेत ते. "दर काडीला थांबत्यात आणि मला इचारत्यात, पद्मा, हितनं कापू का?"